प्राडानं चप्पल नेली म्हणून चिडलो, पण आपल्या पायात काय आहे?

पेठकर_०९
जून 2025 मधे मिलानच्या फॅशन शोत प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीनं हुबेहूब आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव पण घेतलं नाही, तेव्हा अख्खं गाव पेटून उठलं, आणि उठायलाच पाहिजे होतं. मग डिझाइन मूळचं इकडचं आहे हे कंपनीनं मान्य केलं, त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली, डिसेंबरात लिडकॉम हे आपलं सरकारी चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर यांच्याबरोबर करार पण झाला, 2000 जोड इकडंच बनवून घ्यायचं ठरलं, एका जोडाची किंमत साधारण 800 युरो.
पण मला खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. त्या आठवड्यात स्टेटसला चप्पल लावणाऱ्यांपैकी रोज ती घालतं कोण? संध्याकाळी बिंदू चौकात उभं राहून पाय बघा, सगळे स्पोर्ट शूज नाहीतर रबरी क्लॉग. कोल्हापुरी निघते लग्नाला नाहीतर शिवजयंतीला. आणि पाहुणे आले की त्यांना स्वस्तातला रेक्झिनचा जोड कोल्हापुरी म्हणून घेऊन देणारे पण आपणच. बाहेरच्या मालानं आपली ओळख पुसली म्हणतात ते मला पटत नाही, आपणच ती सणावाराला ठेवून दिली.

कापशीवाला
भावा, सगळा दोष गिऱ्हाईकावर टाकू नको. आमच्या घरात हेच काम चालतं म्हणून बोलतोय. कातडं बाभळीच्या सालीत आन् हिरड्यात कमवायचं, त्याला आठवडेच्या आठवडे जातात, मग कापायचं, ठोकायचं, वादीनं हातानं शिवायचं, आन् समोर काय तर मशीनवर निघालेला बूट ज्याची जाहिरात दिवसभर मोबाईलवर दिसतीय. ही काय बरोबरीची कुस्ती न्हाई.
आन् कायद्याचं म्हणशील तर जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, ते नावाला मिळालंय, आकाराला न्हाई. त्यांनी नावच घेतलं न्हाई, मग धरणार कशात? हायकोर्टात याचिका गेली ती पण फेटाळली, जीआयच्या नोंदणीकृत मालकांनी यावं म्हणाले.

रंकाळा_काठ
दोघांचं पण अर्धंच पटलं. बाहेरून आलं की आपलं गेलं, हे गणितच चुकीचं आहे. फुटबॉल बघा की. इंग्रजांचा खेळ, पण आज पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या आपल्या टीमांची नावं तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठा रिकाम्या होतात, वर्ल्डकपला गल्लीगल्लीत ब्राझील अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, आम्ही पोरी पण लहानपणापासून हेच बघत आलोय, आणि यामुळं कोणी कमी कोल्हापूरकर झालं नाही. मग पायात कुठल्या कंपनीचा बूट आहे यावरून माणसाची ओळख का ठरवायची?

करवीर_मावळा
ताई, फुटबॉलचं उदाहरण इथं बसत नाही. तो आला तेव्हा तालमींनी स्वतःच टीमा काढल्या, मैदान आपलं, पोरं आपली, त्यानं कुणाची चूल विझली नाही. चपलेत एकाचा बूट खपला की दुसऱ्याचा जोड दुकानात पडून राहतो.
अजून एक, जे कुणी स्पष्ट बोलत नाही. शाहू महाराजांनी या धंद्याला आसरा दिला तो बनवणाऱ्या माणसाकडं बघून. आपण चप्पल मिरवतो, पण ती शिवणाऱ्या समाजाला किती मान देतो? पोरं हा धंदा सोडतात त्याला फक्त परदेशी ब्रँड कारण नाही, कातड्याचं काम म्हटल्यावर लोकांची नजर बदलते हे पण कारण आहे, आणि ती नजर काही मिलानवरून आलेली नाही.

पेठकर_०९
मावळा, हे एकदम खरं बोललास. आणि माझा मुद्दा त्याला जोडूनच आहे. मॉलमधे सात आठ हजाराचा बूट घेताना आपण छापील किंमतीवर एक शब्द बोलत नाही, तेच शिवाजी मार्केटात हातानं शिवलेल्या जोडाला शंभर रुपये कमी करा म्हणून अर्धा तास वाद घालतो. ताई, परदेशी बूट घालू नका असं मी म्हणतच नाही, मी पण घालतो, पण भाव करताना आपण नेमकं कुणाला कमी लेखतो ते तरी बघूया.

रंकाळा_काठ
घासाघिशीचं मान्य. पण गिऱ्हाईकाला अस्सल नकली कळणार कसं? लिडकॉमनं क्यूआर कोडची सोय केली आहे, स्कॅन केला की कारागिराची माहिती दिसते. तो बघूनच चप्पल घ्यायची एवढं तरी करू शकतो. आणि 800 युरोतले बनवणाऱ्याच्या हातात किती पडणार, हे पण विचारलं पाहिजे.

कापशीवाला
क्यूआर चांगलाच हाय, फक्त दुकानदारानं लावलेला पायजे आन् गिऱ्हाईकानं मागितला पायजे. प्राडाचं काम आलं तर आनंदच हाय, न्हाई कशाला म्हणू. पण जीआय आठ जिल्ह्यांचं, चार आपले चार कर्नाटकचे, त्यात 2000 जोड म्हंजे किती घरांना काम? ते संपल्यावर परत आपलंच गिऱ्हाईक लागणार हाय, आन् ते रोज घालणारं पायजे.