आगाऊ पैसे भरलेल्या मेंटेनन्स पॅकेजचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा?

जवळच्या_फेऱ्या यांचा प्रश्न

नमस्कार. नवी गाडी घेताना आम्ही तिच्यासोबत मेंटेनन्स पॅकेजही घेतले आणि त्याचे सगळे पैसे सुरुवातीलाच भरले. पॅकेजची मुदत चार वर्षे किंवा ६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी आहे. सर्व्हिसिंग दर १२ महिन्यांनी किंवा १५,००० किलोमीटरला करायचे आहे. आमची गाडी वर्षाला जेमतेम सहा-सात हजार किलोमीटर चालते आणि त्यातल्या बहुतेक फेऱ्या जवळच्याच असतात. त्यामुळे गाडी चाललीच नाही तर दरवर्षी सर्व्हिसिंगला टाकायची घाई कशाला, असे घरच्यांचे म्हणणे आहे.

दुसरी अडचण बिलाची आहे. पॅकेज असूनही पहिल्या सर्व्हिसिंगला इंजिनातील कार्बन काढणे, एसीचे निर्जंतुकीकरण आणि ब्रेकची सफाई यांचे वेगळे पैसे भरावे लागले. पॅकेजमध्ये नेमके काय धरलेले असते, आणि भरलेल्या पैशांचा पूर्ण मोबदला मिळावा यासाठी काय काळजी घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

हिशेबी यांचे उत्तर

आपल्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीला किलोमीटरची मर्यादा लागूच होणार नाही, मुदत महिन्यांनीच संपणार आहे. म्हणून ओडोमीटरकडे न पाहता कॅलेंडरकडे पाहावे. न केलेले सर्व्हिसिंग बहुतेक पॅकेजमध्ये पुढे ओढता येत नाही. वर्ष सरले की ते बुडाले, आणि त्याचे पैसे तर आपण आधीच भरलेले आहेत.

गाडी कमी चालली म्हणून तेल ताजे राहते, असेही नाही. जवळच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ज्वलनातून तयार होणारे पाणी आणि न जळलेले थोडे इंधन तेलात उतरते आणि वाफ होऊन निघून न जाता तिथेच साचते. ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारे द्रव, तर गाडी उभी असली तरी हवेतील ओलावा शोषून घेत राहते. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि उतारावर सतत ब्रेक दाबावा लागल्यास पेडल मऊ पडण्याचा धोका निर्माण होतो. म्हणूनच अनेक उत्पादक ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आपल्या पॅकेजमध्ये ते धरलेले असेल, तर चार वर्षांत ते दोनदा बदलून मिळायला हवे, आणि दुसरी खेप नेमकी मुदतीच्या टोकाला येते.

खरी मेख या टोकाशीच आहे. चौथे सर्व्हिसिंग ४८व्या महिन्यात येते आणि पॅकेजही त्याच महिन्यात संपते. दरवर्षी महिना-दीड महिना उशीर झाला आणि पुढची तारीख मागच्या सर्व्हिसिंगपासून मोजली गेली, तर चौथी खेप मुदतीबाहेर जाते, आणि ती सहसा सर्वांत महागडी असते, कारण तेल आणि फिल्टर यांच्याबरोबर ब्रेक फ्लुइड आणि काही गाड्यांत स्पार्क प्लगही त्याच वेळी येतात. शेवटचे सर्व्हिसिंग मुदतीच्या किती आधी करून घेता येते, हे आजच वर्कशॉपकडून लेखी विचारून ठेवावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. आज आश्वासन देणारा माणूस चार वर्षांनी त्या खुर्चीत असेलच असे नाही.

आणखी एक बाब वॉरंटीची. ठरलेले सर्व्हिसिंग चुकल्याचे कारण दाखवून इंजिनाचा दावा नाकारला जाऊ शकतो, त्यामुळे घरच्यांचा सल्ला दोन्हीकडून तोट्याचा ठरेल.

जुना_सल्लागार यांचे उत्तर

मी बरीच वर्षे सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून काम केले आहे, म्हणून बिलाविषयी लिहितो.

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचा तक्ता असतो. त्यात प्रत्येक भागापुढे, कोणत्या खेपेला तो नुसता तपासायचा आणि कोणत्या खेपेला बदलायचा, याच्या वेगवेगळ्या खुणा असतात. पॅकेज साधारणपणे 'बदला' अशी खूण असलेल्या वस्तू आणि त्यांची मजुरी एवढेच भरून देते. 'तपासा' असे लिहिलेला भाग तपासणीत खराब निघाला, तर तो बदलण्याचा खर्च बहुधा आपलाच असतो. झिजणारे भाग, म्हणजे ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी आणि क्लच प्लेट, साध्या पॅकेजमध्ये सहसा नसतात. आणि अचानक बिघडलेला भाग हा वॉरंटीचा विषय आहे. पॅकेज आहे म्हणून तो फुकट मिळेल, हा समज मी काउंटरवर रोज ऐकत असे.

कार्बन काढणे आणि एसीचे निर्जंतुकीकरण ही कामे बहुतेक तक्त्यांत नसतातच. वर्कशॉपचे उत्पन्न त्यांतून वाढते, म्हणून ती गाडी आत घेतानाच सुचवली जातात. आम्हालाही त्याचे लक्ष्य ठरवून दिलेले असे. सुचवलेले काम तक्त्यात कुठे आहे, एवढेच शांतपणे विचारावे. जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांची यादी असलेल्या वर्कशॉपच्या कागदावर, सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ओळ वाचावी, नको असलेली ओळ खोडून घ्यावी आणि अंदाजे रकमेच्या रकान्यात 'पॅकेजबाहेरचे काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये' असे लिहून घ्यावे.

आता काम खरोखर झाले की नाही, हे पाहण्याची युक्ती. गाडी देण्यापूर्वी एअर फिल्टरच्या चौकटीच्या कडेला मार्करने बारीकशी खूण करावी. एसीचा फिल्टर अनेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, त्यावरही तशीच खूण करता येते. गाडी परत घेताना खूण दिसली, तर फिल्टर झटकून पुन्हा बसवला आहे, हे उघड होते. ब्रेक फ्लुइडची टाकी अर्धपारदर्शक असते. फ्लुइड बदलले असेल तर आतला काळपट तपकिरी रंग जाऊन फिकट पिवळा दिसायला हवा. काढलेले जुने भाग दाखवावेत, असेही जॉब कार्डवर आधीच लिहून घ्यावे, कारण नंतर ते भंगारात गेलेले असतात.

चौथा_गिअर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु एक भर घालतो. बऱ्याच पुस्तिकांत दोन तक्ते असतात, एक सर्वसाधारण वापराचा आणि दुसरा कठीण वापराचा. सततच्या जवळच्या फेऱ्या, धूळ, रहदारीत तासन्‌तास रांगणे आणि जड ओझे हे सगळे कठीण वापरात मोडते, आणि त्या तक्त्यात तेल लवकर बदलायला सांगितलेले असते. आपले पॅकेज बहुधा पहिल्या तक्त्यावर बेतलेले असेल. मधल्या जास्तीच्या तेलबदलासाठी त्यात तरतूद आहे का, हे पाहावे. नसेल तर तो खर्च स्वतः करावा लागेल.

उलट, पॅकेजमध्ये आहे म्हणून प्रत्येक वस्तू मुदतीआधीच बदलून मागण्यात अर्थ नाही. काही गाड्यांचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, चार वर्षांहून कितीतरी अधिक काळ टिकण्यासाठी बनवलेले असते. ते उगाच काढून नवे भरताना हवा अडकली, तर नवी डोकेदुखी मागे लागते.

जवळच्या_फेऱ्या

सर्वांचे आभार. गाडी मुदतीआधी विकावी लागली, तर उरलेल्या सर्व्हिसिंगचे काय होते?

हिशेबी

पॅकेज कोणाचे आहे, त्यावर ते अवलंबून आहे. उत्पादकाचे असेल, तर ते अनेकदा गाडीच्या चासी क्रमांकाशी जोडलेले असते आणि नव्या मालकाकडे जाते. मग विक्रीची किंमत ठरवताना उरलेल्या सर्व्हिसिंगची रक्कम अवश्य मागावी. आपल्याला नवी गाडी विकणाऱ्या डीलरचे स्वतःचे पॅकेज असेल, तर ते त्याच्याच वर्कशॉपमध्ये चालते आणि हस्तांतरणासाठी अर्ज, शुल्क किंवा ठरावीक दिवसांची अट असू शकते. पैसे परत मिळण्याची सोय असल्यास वापरलेली सर्व्हिसिंग कोणत्या दराने वजा करणार, हे करारात पाहावे. पॅकेजच्या सवलतीच्या दराऐवजी काउंटरवरच्या पूर्ण दराने वजावट झाली, तर हाती फारसे काही उरत नाही. आणि पॅकेजची रक्कम गाडीच्या कर्जात धरलेली असेल, तर तिच्यावर व्याजही चालू आहे, हे हिशेबात घ्यावे.