शब्दचर्चा : अधिवेशन, बैठक, तहकूब, संस्थगित

प्रश्न
विधिमंडळाच्या एकाच बातमीत ही दोन वाक्यं वाचली : ‘गदारोळामुळे कामकाज दिवसभरासाठी तहकूब’ आणि खाली ‘अधिवेशन उद्या संस्थगित होणार’. दोन्हींचा अर्थ ‘थांबलं’ असाच ना? मग शब्द दोन का? काही ठिकाणी ‘सत्र’ही दिसतं. ते अधिवेशनापेक्षा वेगळं आहे का? जाणकारांनी उलगडून सांगावं.

उत्तर
थांबतं कोण आणि थांबवतं कोण, एवढं पाहिलं की गाठ सुटते.

तहकूब होते ती बैठक. ती अध्यक्ष तहकूब करतात, विधान परिषदेत सभापती. दहा मिनिटांसाठी, दिवसभरासाठी, सोमवारी सकाळी अकरापर्यंत, कशीही. संस्थगित होतं ते अख्खं अधिवेशन आणि तो अधिकार राज्यपालांचा. संविधानाच्या अनुच्छेद १७४ प्रमाणे सभागृहाला बोलावणं राज्यपालांकडून जातं, संस्थगितीही त्यांच्याच आदेशाने होते. अर्थात दोन्ही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. आपल्याकडे शेवटच्या दिवशी हा आदेश सभागृहात वाचून दाखवतात आणि पुढचं अधिवेशन कधी, कुठे, तेही जाहीर करतात. म्हणून ‘अध्यक्षांनी अधिवेशन संस्थगित केलं’ हे वाक्य चूक. अध्यक्ष फक्त तशी घोषणा करतात.

तिसरा शब्द विसर्जन, आणि तो फार जपून वापरायचा. विसर्जन फक्त विधानसभेचं होतं. परिषद कायम राहते, दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. अधिवेशन संस्थगित झालं तरी प्रलंबित विधेयक जिवंत राहतं. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेलं विधेयक व्यपगत होतं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मांडायचं.

सत्र म्हणाल तर संविधानाच्या मराठी पाठात ‘सत्र’ आणि ‘सत्रसमाप्ती’ आहे. विधानभवनात आणि वर्तमानपत्रांत रुळलं ते ‘अधिवेशन’ आणि ‘संस्थगित’. अर्थ एकच. बोलण्यात ‘सत्र’ म्हटलं की आपल्याला कॉलेजचं सत्र किंवा सत्र न्यायालय आठवतं, त्यामुळे विधिमंडळासाठी मी अधिवेशनच लिहीन. हिंदीतलं ‘सत्रावसान’ मराठीत आणायची तर मुळीच गरज नाही.

प्रतिप्रश्न
मग ‘बेमुदत तहकूब’ कुठे बसतं? पुढची तारीख न देता बैठक तहकूब केली म्हणजे अधिवेशन संपलंच की.

उत्तर
नाही संपत, आणि नेमका याच मुद्द्यावर पंजाबात केवढा वाद झाला! तिथल्या विधानसभेचं मार्च २०२३ मधलं अर्थसंकल्पी अधिवेशन बेमुदत तहकूब झालं होतं, संस्थगित झालं नव्हतं. अध्यक्षांनी १९ आणि २० जूनला पुन्हा बैठक बोलावली, तीत विधेयकं संमत झाली. राज्यपालांचं म्हणणं, हे बेकायदा आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० नोव्हेंबर २०२३ ला निकाल लागला की बैठक वैध होती. अधिवेशन संस्थगित झालेलं नसल्यामुळे अध्यक्ष सभागृह पुन्हा बोलावू शकत होते. या दोन शब्दांतला फरक त्या निकालाच्या मुळाशी आहे.

अध्यादेशाचंही तसंच. दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असताना राज्यपालांना अध्यादेश काढता येत नाही. बैठक नुसती तहकूब असेल तर अधिवेशन चालूच मानतात.

दुसरा प्रश्न
‘दर सहा महिन्यांनी अधिवेशन घेणं बंधनकारक’ असं सर्रास लिहितात. हे बरोबर आहे का?

उत्तर
ढोबळमानाने चालेल, पण मोजायची वेळ आली की अडचण. एका अधिवेशनातली शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनातली पहिली बैठक यांत सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये, असा तो नियम आहे. संस्थगितीची तारीख यात येतच नाही, मोजायचं ते बैठकीपासून.

हरियाणात हे ठळकपणे दिसलं. तिथल्या विधानसभेची शेवटची बैठक १३ मार्च २०२४ ला झाली होती. सप्टेंबर उजाडला, निवडणूक तोंडावर, आणि सहा महिने भरत आले. अधिवेशन घ्यायचं नव्हतं, म्हणून मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून १२ सप्टेंबरला विधानसभाच विसर्जित केली. मतदान व्हायला महिनासुद्धा उरला नव्हता!

या नियमाने वर्षाला साधारण दोन अधिवेशनं भागतात. महाराष्ट्रात तीन होतात ती प्रथेने : अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. (‘अर्थसंकल्पीय’ही लिहितात, पण सरकारी कागदोपत्री ‘अर्थसंकल्पी’ दिसतं आणि मला तेच आटोपशीर वाटतं.) ही ऋतूंची नावं बोलीतली. कामकाजात त्या वर्षाचं पहिलं, दुसरं, तिसरं अधिवेशन असा क्रमांक असतो. नागपूरला एक अधिवेशन व्हावं हे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आलं, पण ते हिवाळीच असावं असं नाही. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन जुलैत नागपूरला झालं आणि हिवाळी मुंबईत. त्यामुळे ‘हिवाळी अधिवेशन’ आणि ‘नागपूर अधिवेशन’ हे समानार्थी म्हणून डोळे झाकून वापरू नयेत.

पुरवणी
माझा एक आग्रह, तोही लांबीबद्दल. ‘दोन आठवड्यांचं अधिवेशन’ असं वाचून लोक समजतात की आमदार दोन आठवडे सभागृहात बसले. नागपूरचं २०२३ चं अधिवेशन ७ डिसेंबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपलं. तारखा मोजल्या तर १४ दिवस, बैठका १०. मधे दोन शनिवार-रविवार गेले. अधिवेशनाचा कालावधी वेगळा, बैठकांची संख्या वेगळी आणि कामकाजाचे तास त्याहून वेगळे. बातमीत तिन्ही यायला हवेत, निदान बैठका तरी. कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, हिवाळी अधिवेशन १४ आणि १५ डिसेंबर असं दोनच दिवसांचं मुंबईत उरकलं. तेही ‘अधिवेशन’च. संविधान अंतर सांगतं, वर्षाला बैठका किती व्हाव्यात ते सांगत नाही. अधिवेशन किती चालवायचं ते कामकाज सल्लागार समितीत ठरतं. मतदारसंघातल्या पाण्याचा, शाळेचा, रस्त्याचा प्रश्न लागणार की राहून जाणार हे त्या आकड्यावर ठरतं, म्हणून मला हे शब्द नेमके हवेत.

अधिवेशनाची हद्द किती महत्त्वाची ते आपल्याच विधानसभेत दिसलं. ५ जुलै २०२१ ला, दोनच दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात, भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला : निलंबन चालू अधिवेशनाच्या उरलेल्या काळापुरतंच असू शकतं. ते अधिवेशन तर दुसऱ्याच दिवशी संपणार होतं! त्या सुनावणीत ६० दिवसांचा मुद्दाही निघाला. परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिकामी जाहीर करू शकतं. मात्र हे दिवस मोजताना सभागृह संस्थगित असल्याचा काळ धरत नाहीत, आणि सलग चार दिवसांहून जास्त तहकूब असेल तर तोही नाही. म्हणजे आमदारकीच्या हिशेबातसुद्धा आपले हे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेत.

प्रश्नकर्त्याकडून
आभार. एक शेवटचं. ‘अधिवेशनाचं सूप वाजलं’ आणि ‘अधिवेशन गुंडाळलं’ यांतलं कोणतं लिहावं? मथळ्यात ‘संस्थगित’ जड वाटतं.

उत्तर
सूप वाजलं म्हणजे संपलं, एवढंच. ठरल्या दिवशी संपलं तरी चालतं, त्यात दोष नाही. ‘गुंडाळलं’ म्हटलं की वेळेआधी आवरतं घेतलं असा अर्थ येतो, म्हणून जाहीर केलेली तारीख अलीकडे आणली असेल तेव्हाच वापरा. मार्च २०२० मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन २० तारखेपर्यंत चालायचं होतं, कोरोनामुळे १४ लाच थांबवलं. तिथे ‘गुंडाळलं’ अगदी चपखल. मथळ्यात यांपैकी काहीही घ्या, पण पहिल्या परिच्छेदात ‘संस्थगित’ आणि बैठका किती झाल्या तो आकडा येऊ द्या.