अनुभव धागा : काळजी, घाबरं होणं आणि आपला विश्वास (इंदूर-महूकरांनो, लिहा)

रेसिडेन्सीवाली

सलाम मंडळी.

गेल्या महिन्यात महिला मंडळाच्या सभेत फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय होता. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ वचन सगळ्यांना पाठ. वाचन झालं, प्रार्थना झाली, आमेन झालं. मग चहाच्या वेळी हळूहळू एकेकीच्या गोळ्या बाहेर आल्या. कुणाची झोपेची, कुणाची बीपीची, कुणी गुपचूप ‘त्या’ डॉक्टरकडे जाते. तासभराच्या सभेत मात्र यातलं कुणी काही बोललं नव्हतं. काळजी वाटते म्हटलं की विश्वास कमी पडला असं होतं ना आपल्याकडे!

आधीच आपण इथे मूठभर मराठी ख्रिस्ती. कॅनडाचे मिशनरी 1877 मध्ये इंदुरात आले, ख्रिश्चन कॉलेज 1887 चं. आमच्यासारखी घरं नंतर नगरकडून रेल्वे, मास्तरकी, नर्सिंग आणि पलटणीच्या मागे मागे आली. उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत, आणि कोण कुणाचा साडू हे सगळ्यांना ठाऊक. अमक्याच्या सुनेला डिप्रेशन आहे ही बातमी व्हाइट चर्चहून निघाली की आशीर्वाद व्हायच्या आत महूला पोचते. मग कोण कशाला तोंड उघडेल?

म्हणून हा धागा. ‘प्रभूने सगळं ठीक केलं’ एवढं लिहून थांबू नका. नेमकं काय होत होतं, काय केलंत, सोबत कोण होतं, काय अजून सुटलेलं नाही, तेही येऊ द्या. माणसांची, दवाखान्यांची नावं नकोत. आणि कुणाला आत्ताच जगणं नकोसं झालं असेल तर हे वाचत बसू नका, आधी 14416 लावा. टेलीमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो.

नाइट ड्यूटी

ताई, तुम्ही म्हणालात म्हणून लिहिते. मी स्टाफ नर्स. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये कोविड वॉर्डात होते. त्या दिवसांत मला काहीच झालं नाही. लोक विचारायचे, भीती नाही वाटत? वेळच नव्हता.

सगळं ओसरल्यावर सुरू झालं. ऑक्सिजन ज्या बाटलीतून जातो तिच्यातलं पाणी बुडबुडतं, तो आवाज आम्हाला रात्रभर कानात असायचा. आवाज थांबला की धावायचं. पुढे पावसाळ्यात एकदा घरी पाण्याची टाकी भरत होती, पाइपातून तशीच बुडबुड आली आणि अचानक बंद झाली. मी खालीच बसले. छाती धडधडायला लागली, तोंडाभोवती मुंग्या, हाताची बोटं वाकडी होऊन आखडली. आता मी जाते, असंच वाटलं. नवऱ्याने दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल. पॅनिक अटॅक. पेशंटला आम्हीच सांगतो, काही मिनिटांत ओसरेल, श्वास हळू सोडा. सांगणं सोपं असतं!

त्या काळात फोनवर सगळे स्तोत्र 91 पाठवायचे. तुझ्या बाजूस सहस्र पडले तरी तुला ते भिडणार नाही. मला ते वाचवेना. ते पडलेले माझे पेशंट होते. मी त्यांच्या अंगठ्या काढून पाकिटात घालून नातेवाइकांना दिल्या होत्या. मला काही भिडलं नाही म्हणून आभार कसे मानू?

शेवटी स्तोत्र 88 हाती लागलं. तेही सहज पानं उलटताना, कुणी सुचवलं नाही. आपल्याकडे त्याच्यावर उपदेश ऐकल्याचं आठवत नाही मला. बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी तरी उजेड येतो, हे अंधारातच संपतं. माणूस रात्रंदिवस हाक मारतोय, उत्तर नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं! त्यानंतर मी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

गोळ्या घेतल्या. काही आठवडे फरक कळत नाही, ते आधीच सांगितलं होतं म्हणून सोडल्या नाहीत. दुसरी मदत आमच्या मोठ्या सिस्टरची, त्या केरळच्या. ड्यूटीवर मला सुरू झालं की जिन्यावर शेजारी बसायच्या. त्या मल्याळममध्ये आणि मी मराठीत, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. म्हणताना आपोआप श्वास लांब होतो. आता गोळ्या बंद आहेत, डॉक्टरांना विचारूनच केल्या. टाकी भरताना मात्र मी अजून दुसऱ्या खोलीत जाते.

मिलवाल्याचा मुलगा

इंदुरात नव्वदच्या दशकात गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमचे बाबाही घरी बसले. पगार थांबला, देणी कोर्टात अडकली. आम्ही चार भावंडं.

बाबांची प्रार्थना फार विचित्र होती. संध्याकाळी दिवे लागले की सगळ्यांना बसवून मोठ्याने, आकड्यांसकट. प्रभू, दूधवाल्याचे एकशे साठ, धाकटीची फी पंचाहत्तर, सायकलचा टायर गेलाय. वाण्यासमोर यादी वाचावी तशी. आम्हाला लाज वाटायची, कारण भिंत एक विटेची आणि पलीकडे खरोखरच किराणावाले राहायचे. आई म्हणायची, अहो, जरा हळू. बाबा म्हणायचे, मी त्याच्याशी बोलतोय, शेजाऱ्यांनी कान बंद करावेत.

शेजाऱ्यांनी कान बंद केले नाहीत. एका महिन्यात यादीत तेल आणि तूरडाळ आली, तर दुसऱ्या सकाळी त्यांचा पोरगा दोन्ही ठेवून गेला. म्हणे, काकाजींना सांगा हिसाब बाद में. बाबा म्हणाले, बघा. आई म्हणाली, काय बघा, उधारी वाढली!

बाबांना काळजी नव्हती असं अजिबात नाही. रात्री अंगणात फेऱ्या घालायचे, चपलांचा आवाज यायचा. पण आम्हा पोरांना कधी अंदाज बांधत बसावं लागलं नाही. घरात काय कमी आहे ते सगळ्यांना माहीत असायचं, आकड्यासकट. मी पुढे पाहिलेल्या कितीतरी घरांत उलट होतं. बाप हसरा, आणि पोरं दाराआडून ऐकतायत.

रानातल्या मान्न्याची, म्हणजे देव इस्राएल लोकांना रोज द्यायचा त्या अन्नाची गोष्ट ते नेहमी सांगायचे, निर्गम 16. उद्यासाठी साठवला की किडे पडायचे. तेव्हा कंटाळा यायचा. देण्याचे पैसे निघाले तेव्हा बाबा नव्हते. आईने घेतले.

आता असं मोठ्याने प्रार्थना करायला आमच्याकडे कुणी धजत नाही, खिडक्या लावून घेतात. ती काळजी वेगळी, तिच्यासाठी दुसरा धागा काढा.

भंवरकुआं

माझा अनुभव उलटा आहे, चालेल ना? पीएससीची तयारी करतो.

प्रार्थनेनेच माझी वाट लागत होती. झोपताना प्रार्थना केली आणि आमेन म्हणताना मनात दुसरा विचार आला, की ती बाद. पुन्हा पहिल्यापासून. मग घरच्यांपैकी एखादं नाव राहिलं की काय, पुन्हा. नाही केली तर आईला काहीतरी होईल. प्रीलिम्सच्या आदल्या रात्री हे पहाटेपर्यंत चाललं. रूममेटला वाटायचं, भाई बहुत धार्मिक है.

कॉलेजच्या काउन्सेलरने ओळखलं, ओसीडीचा प्रकार आहे म्हणाल्या, म्हणजे नको ते विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. त्यांनी जे करायला सांगितलं ते ऐकून मी हादरलो: प्रार्थना मुद्दाम अर्धवट सोडून उठायचं आणि जी घालमेल होते ती होऊ द्यायची, दुरुस्त करायची नाही. हे पाप नाही का, असं विचारायला पाळकसाहेबांकडे गेलो. वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, एकदा सांगितलेलं देवाला ऐकू येतं. शब्द वाढवले म्हणून तो जास्त ऐकतो असं समजू नका, हे येशूनेच सांगितलंय, मत्तय सहा वाच. तुझा देव परीक्षक झालाय, त्याला जरा सुट्टी दे.

सराव चालू आहे. काही रात्री जमतं, काही रात्री नाही. ज्यांच्या घरात कुणी फार प्रार्थना करतं म्हणून कौतुक चाललंय, त्यांनी जरा बघा, तो माणूस प्रार्थनेनंतर निवांत दिसतो की थकलेला.

पलटण, महू

सगळं वाचलं. सगळ्यांबद्दल आदर आहे. पण गोळ्या, काउन्सेलर, हे जरा जास्तच होतंय. मी उत्तरेकडे उंचावरच्या चौकीवर दोन हिवाळे काढले. तिथे ना डॉक्टर ना सिग्नल. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे म्हणत पहारा केला. विश्वास पक्का असेल तर औषध कशाला लागतं? आजकालच्या मुलांना पाठांतरच नाही.

पाळकीणबाई

काका, तुमचं पाठांतर मला ठाऊक आहे, ख्रिसमसच्या सभेत ऐकलंय. पण चौकीवर तुम्ही एकटे नव्हता. शेजारी दुसरा जवान होता, वरून हुकूम होता, वेळेवर गरम जेवण होतं. इथे नाइट ड्यूटीवाल्या बाईला आणि भंवरकुआंच्या पोराला तेच मिळायला हवं, एवढंच म्हणणं आहे.

आणि औषधाचं म्हणाल तर पौलाने तीमथ्याला काय लिहिलं? नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. प्रार्थना कमी पडते असं नाही लिहिलं. त्याच्यासोबत फिरणारा लूक वैद्य होता. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. देव बोलला तो नंतर, डोंगरावर. 1 राजे, एकोणिसावा अध्याय. आम्ही भेटीला जाऊन खुर्चीत टेकतो न टेकतो तोच उपदेश सुरू करतो.

माझं स्वतःचं फार नाही. पाळकाच्या बायकोने हसतमुख राहायचं असतं, त्यातून पोटाचं दुखणं लागलं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मला गेथशेमानेने हात दिला, प्रभूने धरलं जाण्याच्या रात्री प्रार्थना केली ती बाग. ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे,’ असं प्रभू शिष्यांना सरळ सांगतो, आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणतो. ते झोपले, ती गोष्ट वेगळी. पण त्याने मागितलं ना! मग मला एका मैत्रिणीला फोन करून ‘आज ये’ म्हणायला काय हरकत होती? ती चर्चची नाही, हे मला जास्त बरं.

लाल चर्च

आम्ही कॅथलिक, चालेल ना? उदयनगरकडे शाळेत शिकवते. रस्त्यावर एक अपघात डोळ्यांदेखत पाहिल्यापासून बसमध्ये बसलं की तळहाताला घाम. धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) राणी मारिया या आमच्या सिस्टरना त्याच भागातून इंदूरकडे येताना बसमध्येच मारलं, 25 फेब्रुवारी 1995 ला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात त्यांना धन्य घोषित केलं तेव्हा मी गर्दीत होते. ज्याने मारलं त्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने राखी बांधली, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मला राखीएवढं मोठं काही जमायचं नाही. मी एवढंच म्हणते, सिस्टर, तुम्ही या रस्त्याने जात होता, माझ्या शेजारी बसा. जपमाळ पदराखाली. भीती जात नाही, पण मी सुट्टीही टाकत नाही. ड्रायव्हरच्या मागची सीट धरते, पुढे रस्ता दिसला की बरं वाटतं. हे मात्र सिस्टरनी नाही, कंडक्टरने सुचवलं.

रामबागकर

मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे गणपती असतो. हिच्या ऑपरेशनच्या आधी समोरच्या मावशी रोज यायच्या. आधी विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का? नाही म्हटलं असतं तर नुसत्या बसल्या असत्या, याची खात्री होती. म्हणून हो म्हटलं. दोन मिनिटं डोळे मिटून, मग भाजी निवडायला. हिला त्या दोन मिनिटांपेक्षा भाजी निवडण्याने जास्त धीर आला, असं ती म्हणते. मावशींना सांगू नका. पोहे उत्तम करतात.

बडोद्याला दिलेली इंदूरची लेक

मुलगा टोरांटोला. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊ. आपली रात्र म्हणजे त्याचा दिवस, त्यामुळे माझी झोप गेली. दर थोड्या वेळाने फोन बघायचा, लास्ट सीन किती वाजता. बर्फात घसरला असेल, बस चुकली असेल, कामावरून काढलं असेल. सगळे सिनेमे मीच काढायचे, मीच बघायचे.

‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका,’ असं पेत्र म्हणतो. मी टाकायचे आणि पाच मिनिटांत परत उचलायचे. शेवटी फतेगंजला आमच्या प्रार्थनागटात एकीने व्यवहाराचं सांगितलं: प्रार्थना झाली की फोन स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर, आणि मधलं दार बंद. उठून जायचा कंटाळा येतो, तेवढ्यात झोप लागते. मुलाला सांगून टाकलंय, खरंच काही असेल तर वडिलांच्या फोनवर लाव. ते घोरत असतात, पण रिंग मोठी आहे.

मुलगा म्हणतो, आई, तुझा लास्ट सीन आता रात्री दहाचा दिसतो, बरी आहेस ना?

भंवरकुआं

नाइट ड्यूटी ताई, ते स्तोत्र 88 वाचलं आत्ता. एकदाच वाचलं. 🙂

पलटण, महू

पाळकीणबाईंचं म्हणणं वाचलं. पूर्ण पटलं असं नाही. एक विचारायचं होतं, तो 14416 नंबर, त्यावर मराठीत बोलतात का? शेजारी एक निवृत्त सुभेदार आहेत, रात्री झोपत नाहीत, दारं पुन्हा पुन्हा तपासतात.

रेसिडेन्सीवाली

काका, फोन लागला की भाषा निवडायला सांगतात. सुभेदारसाहेबांना एकट्याने लावू देऊ नका, तुम्ही जवळ बसा. आणि ते दारं किती दिवसांपासून तपासतायत, झोप कशी आहे, जेवतात का, हे आधीच विचारून ठेवा, तिकडे तेच विचारतात.