‘घरचे वळण’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : भाचीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आलाय, ‘हुशार आहे, पण घरचे वळण कमी पडते.’ अक्षर तर मोत्यासारखं आहे तिचं. मग हे वळण कसलं? (तासगाव तालुका)

— बोलण्याचं असेल. घरात ‘पानी’, ‘न्हाई’ चालतं ना? कराडला चौथीत असताना मी ‘म्या आनलं न्हाई’ म्हटलं की अख्खा वर्ग खिदळायचा. पेठेतली दोघं-तिघं घरी जशी बोलायची तशीच वर्गात बोलायची, ती वळणाची ठरायची. त्यांनी जास्तीचं काही शिकलेलं नव्हतं. शाळाच त्यांच्या घरचं बोलत होती.

— थोडा कीस काढतो. सवय आपली आपल्याला लागते, वळण दुसऱ्यानं लावावं लागतं. म्हणून ‘वळण नाही’ म्हटलं की बोट पोराकडं नसतं, आईकडं असतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू (१९३०–२००२) ज्याला ‘हॅबिटस’ म्हणतो, त्याला मराठीत हाच शब्द चपखल बसेल. घरात अंगी मुरलेलं शाळा गुण म्हणून मोजते आणि वारशाला हुशारी म्हणते, असं त्याचं म्हणणं.

— थोडक्यात, वळणाचं पाणी वळणावर!

— ती म्हण उसाला पाणी पाजणाऱ्याला सांगू नका. सरी भरली की तो खोऱ्यानं दारं मोडतो आणि पाणी पुढच्या सरीत घेतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून नाना जातींची पोरं एका पंगतीला बसवली, ते असंच दारं मोडणं. नुसती शाळा पुरत नाही, मागं घर लागतं, हे त्यांना कळलं होतं.

— पण घर असूनही भागायचं नाही. साताऱ्याच्याच सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं. वडील सुभेदार, पलटणीच्या शाळेत शिकवलेले. वळणात काय कमी होतं? तरी बसायला कोपरा आणि घरून आणलेलं गोणपाट. तिथं ‘वळण’ हा शब्द पांघरुणापुरताही लागला नाही.

— प्रश्न विचारणारी मीच. काल बाईंना भेटले. म्हणाल्या, “पालकसभेला घरचं कुणी येत नाही, म्हणून लिहिलं.” सभा बुधवारी सकाळी ११ ला होती. ताई तेव्हा दुसऱ्याच्या बागेत द्राक्षाच्या विरळणीला.