चांगुलपणाला देवाच्या दारात किंमत नाही का?

उद्यमनगरवाला

गेल्या बुधवारी आमच्या सरांच्या मातीला गेलो होतो. सर ख्रिस्ती, आमचं घर जोतिबाचं. लेथवर काम करणाऱ्यांची पोरं दहावीला गणितात अडकू नयेत म्हणून या माणसानं तीस वर्षं फुकट शिकवणी घेतली. त्यातला एक मी.

२०१९ च्या पुरात पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं, तेव्हा सर सत्तरीत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि काखेत थर्माकोलचा डबा. डब्यात बर्फ, बर्फावर इन्सुलिनच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीला रबरबँडनं चिठ्ठी: कुणाची, किती युनिट, जेवणाआधी किती मिनिटं. गल्लीतल्या अकरा जणांची. लाइट गेली की फ्रीज बंद पडणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तर अशा माणसाच्या मातीला चर्चचे पाळकसाहेब काय बोलले? म्हणाले, आपले बंधू चांगले होते म्हणून देवाजवळ गेलेत असं कुणी समजू नका. माणूस आपल्या कृत्यांनी तरत नाही. तो ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यानं, देवाच्या कृपेनं तरतो.

मला ते टोचलं. आयुष्यभर केलेल्याची पाटी पुसून टाकल्यासारखं वाटलं. कर्माला फळ नसेल तर माणसानं चांगलं वागायचं कशाला? आणि विश्वासच पाहिजे असेल तर सरांइतकाच चांगला, पण ख्रिस्ती नसलेला माणूस गेला कुठं? जाणकारांनी सांगावं. भांडायचं नाही, पण गुळगुळीत उत्तरही नको.

नागाळापार्क

सलाम. मी कोल्हापूरचाच, तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. सर गेल्याचं वाईट वाटलं.

तुम्हाला टोचलं ते बरोबर जागी टोचलं. आमच्या विश्वासाचं मर्मच तिथं आहे. येशूचा प्रेषित पौल यानं इफिसच्या मंडळीला लिहिलं त्याचा अर्थ असा, की तारण हे देवाचं दान आहे, कमाई नव्हे, म्हणून कुणी फुशारकी मारू नये. प्रॉटेस्टंट पंथाची ठिणगी टाकणाऱ्या लूथरनं १५१७ मध्ये वाद पेटवला त्याच्या मुळाशीही हेच होतं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, पुढे इथलं काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेलं. त्या परंपरेतल्या पाळकानं मातीला दुसरं काही सांगितलं असतं तरच नवल.

आता 'विश्वास' म्हणजे काय? देव आहे असं डोक्यानं मान्य करणं नव्हे. तेवढं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातच आहे. विश्वास म्हणजे टेकणं. माझ्या खात्यात काही नाही हे ओळखून दुसऱ्याच्या भरवशावर उभं राहणं.

येशूनं सांगितलेला एक दाखला बघा. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला आणखी काही. सहाला सगळ्यांना सारखीच हजेरी देतो. पहाटेचे कुरकुरतात. धनी म्हणतो, ठरल्यातला एक पैसा तुझा कापला का? मग मी उदार झालो याचं तुला का दुखतं?

सरांचं काम पुसलं नाही कुणी. फक्त ते तिकीट नव्हतं. सरांना देवानं आधीच आपलं म्हटलं होतं, म्हणून ते डबा घेऊन पाण्यात उतरले. कारण आणि परिणाम उलटे लावू नका, एवढंच पाळकसाहेबांचं म्हणणं. मातीच्या दिवशी ते जरा मऊ शब्दांत सांगता आलं असतं, हे मात्र मान्य.

तर्कट

बाकीचं राहू द्या, मूळ हिशेबच मला पटत नाही. देवाला माफ करायचंय ना? मग करा की. मधे येशूचा वधस्तंभ, तुमचा तो क्रूस, कशाला? पाप केलं एकानं, शिक्षा भोगली दुसऱ्या निर्दोष माणसानं. आपल्याकडं सत्र न्यायालयात कुणी असा निकाल दिला तर हायकोर्ट उभं करील का?

आणि गंमत म्हणजे तुमच्या येशूचीच उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. पोरगं सगळी इस्टेट उडवून परत येतं. बाप लांबूनच बघून धावत जातो, मिठी मारतो, अंगरखा घालतो, वासरू कापतो. कुठं रक्त सांडलं? कुणाला टांगलं? त्या गोष्टीतला बाप मला चालतो. तुमच्या सिद्धांतातला चालत नाही.

रंकाळ्याची_भेळ

वासरू कापलंच की राव. रक्त सांडलं. 😄

तर्कट

@रंकाळ्याची_भेळ नाद खुळा. पुढे बोला.

नागाळापार्क

तर्कट, उधळ्या पुत्राचा मुद्दा भारी आहे. पण त्या बापाला काहीच पडलं नाही असं म्हणता? इस्टेटीतला वाटा त्याचाच गेला. भर गावात म्हातारा झगा आवरून पळाला, अब्रू त्याचीच गेली. दुकानदारानं पन्नास हजारांची उधारी माफ केली म्हणजे ती हवेत विरत नाही, त्याच्याच गल्ल्यात खड्डा पडतो. माफी देणारा माफीची किंमत सोसतो. क्रूसावर आम्ही हेच पाहतो.

आणि 'दुसऱ्या निर्दोष माणसाला शिक्षा' ही तक्रार केव्हा खरी ठरेल? येशू हा देवाहून वेगळा, देवानं पकडून आणलेला कुणी तिसरा असेल तर. चौथ्या शतकात अरियस नावाचा धर्मगुरू जवळपास तिथंच पोचला होता. पुत्र हा निर्माण केलेला आहे, अनादी नाही, असं त्याचं म्हणणं. ३२५ मध्ये नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं ते फेटाळलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. लोकांना वाटतं हा नुसता शब्दांचा कीस. पण देहधारण झालेला तो स्वतः देवच नसेल तर तुमचा आक्षेप बिनतोड आहे, मग मीही तुमच्या बाजूला येऊन बसेन.

एक कबुली. क्रूसानं तारण नेमकं कसं होतं याचा एकच खुलासा चर्चनं कधी बांधून दिलेला नाही. कुणी खंडणी म्हणतं, अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या धर्मपंडितानं ते देवाच्या सन्मानाची भरपाई म्हणून मांडलं, त्याच्यानंतरच्या आबेलारनं प्रेमाचं असं दर्शन म्हटलं की माणसाचं मन पालटतं. नायसियाचा मतांगीकार, म्हणजे चर्चमध्ये म्हणतात ती विश्वासाची कबुली, 'आम्हा मानवांसाठी व आमच्या तारणासाठी' एवढं म्हणून थांबतो.

वाडीची_वारी

मी दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारी. पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे आपल्या दत्तासारखंच का? तीन शिरं, एक मूर्ती?

नागाळापार्क

ताई, कानाला जवळचं वाटतं, पण नाही. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. तरी प्रत्येक जण पूर्ण देव, एकतृतीयांश नव्हे, आणि देव एकच. पाणी, बर्फ, वाफ हा दाखला आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवला होता. मोठेपणी कळलं की एकाच देवाची तीन सोंगं असा त्याचा अर्थ होतो, आणि ते मत चर्चनं तिसऱ्या शतकातच नाकारलं होतं! शिकवणाऱ्या मावशी फार प्रेमळ होत्या, त्यांना मी हे कधी सांगितलं नाही.

वसईची_पोर

मी कॅथलिक. नागाळापार्क यांचं नव्वद टक्के पटलं, उरलेल्या दहासाठी लिहितेय.

याकोबाच्या पत्रातलं भुतांचं वाक्य सोयीनं उचललंत, पण दोनच वचनं आधी काय आहे? क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. लूथरनं या पत्राला गवताची उपमा दिली ती उगाच नाही, त्याला ते अडचणीचं होतं. आमच्याकडं सुरुवात कृपेचीच, तिथं वाद नाही. पण कृपा माणसाला कामाला लावते आणि त्या कामालाही देवाजवळ मोल असतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा शेवटच्या दिवशी मतांगीकार म्हणायला लावत नाही. मी भुकेला होतो, खायला दिलंस का? आजारी होतो, आलास का? उद्यमनगरवाल्यांच्या सरांचा तो थर्माकोलचा डबा मला थेट त्या प्रश्नाचं उत्तर वाटतो.

आता हे भांडण पूर्वीएवढं तिखट राहिलेलं नाही. १९९९ मध्ये कॅथलिक आणि लूथरन यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्र केलं. २०१७ मध्ये रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट चर्चेसचा जागतिक संघही त्यात सामील झाला. प्रेसबिटेरियन त्याच घराण्यातले.

दुसरा प्रश्न, ख्रिस्ती नसलेला चांगला माणूस. आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये स्पष्ट म्हटलंय, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाला धरून वागतात, तेही तरू शकतात. तेही ख्रिस्ताच्याच कृपेनं, पण तरू शकतात.

नागाळापार्क

ताई, इथं मी अडतो. 'मार्ग, सत्य आणि जीवन मीच' असं येशू योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कुणी येत नाही असंही म्हणतो. त्याला मी फाटे फोडणार नाही. कोण आत, कोण बाहेर हा निकाल माझ्या हातात नाही, हे मान्य. पण दार एकच नाही असंही मला म्हणता येत नाही.

तर्कट

म्हणजे उद्यमनगरवाल्यांचं काय, याचं उत्तर 'वर विचारा'. चालू द्या.

माळकरी

राम कृष्ण हरी. वाचून हसू आलं, कारण हे भांडण आपल्या घरातही झालंय. दक्षिणेत श्रीवैष्णवांचे याच मुद्द्यावर दोन तट. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, मांजराचं पिल्लू नुसतं पडून राहतं आणि आई मानगुटीला धरून नेते. भक्तानं धरायचं की देवानं उचलायचं? अजामिळानं मरताना पोराला 'नारायणा' अशी हाक मारली आणि सुटला. त्यानं कुठं शिकवण्या घेतल्या होत्या? तुमच्या गोष्टीत शेजारच्या क्रूसावरून मरताना येशूला विनवणारा चोर, आमच्यात अजामिळ. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले म्हणायचे, ते काय उगाच?

नागाळापार्क

माउली, मांजर आवडली. एक फरक मात्र मिटवू नका. अजामिळ कोणत्या साली गेला हे विचारणं वेडेपणाचं. आमच्या मतांगीकारात मात्र एका रोमन सुभेदाराचं नाव मुद्दाम ठेवलंय, पंतय पिलात. हे एका तारखेला, एका सरकारच्या अमलात घडलं असा दावा आहे. पौल तर लिहितो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. नुसतं सुंदर रूपक म्हणून ही गोष्ट आम्हाला पुरत नाही.

तर्कट

चला, निदान चुकीचं ठरण्याची तयारी तरी आहे. उठला नाही असंच माझं मत, पण दाव्याची ही पद्धत आवडली.

उद्यमनगरवाला

काल संध्याकाळी सरांच्या घरी, काकींकडे जाऊन आलो. इथलं थोडं वाचून दाखवलं. त्या उठल्या आणि सरांची वही घेऊन आल्या. तीच आमची चौकटीची वही, शंभर पानी. शेवटच्या पानावर मातीला कोणती गाणी म्हणायची, कुणाला कळवायचं, सगळं लिहून ठेवलेलं. खाली एक ओळ: 'माझ्या कामांची यादी वाचू नये. कृपेवर बोलावे.' दोनदा अधोरेखित, पट्टी लावून.

म्हणजे पाळकसाहेबांवरचा माझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला. आता सरांवरच आलाय. यादी आमची होती हो. आम्हाला वाचायची होती. आमचं समाधान झालं असतं तर त्यांच्या कृपेचं काय बिघडलं असतं? काकी म्हणाल्या, तू इंटरनेटवर वाचलीस की, अजून काय पाहिजे?

माझं काय होणार याचं उत्तर वसईच्या ताईंनी एक दिलं, नागाळापार्कनी एक. दोन्ही ठेवून घेतली.

गुऱ्हाळवाला

सगळं वाचलं. धर्मातलं मला कळत नाही, पण त्या द्राक्षमळ्याच्या धन्याला एकदा भेटायला पाहिजे. माझ्या गुऱ्हाळावर गुळव्याचा दर वेगळा, चुलवाणात चिपाडं घालणाऱ्याचा वेगळा, ऊस टाकणाऱ्याचा वेगळा. पहाटे तीनला पहिली काहील चढते. संध्याकाळी पाचला आलेल्याला मी सारखी हजेरी दिली तर दुसऱ्या दिवशी तीनला कोण येणार? सगळेच पाचला येतील की!

नागाळापार्क

हा प्रश्न दोन हजार वर्षं लोक विचारतायत, मालक. मी येतो एकदा पहाटे, काहिलीजवळ बसून बोलू.

गुऱ्हाळवाला

या. पण तीनला या, पाचला नको.