टेम्प्लेटमधली दुरुस्ती त्यावरून काढलेल्या प्रोजेक्टांत कशी न्यायची?

परसोडीवाला:
नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी बिलिंगची ॲप्स आहेत. सगळी आमच्याच एका जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) प्रोजेक्टच्या टेम्प्लेटवरून, गिटहबच्या ‘यूज धिस टेम्प्लेट’ बटणाने काढलेली. आता टेम्प्लेटमध्ये डॉकरफाइल (ॲपचा कंटेनर बनवायची कृती) आणि लॉगिनचा मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्टच्या मध्ये चालणारा कोड) सुधारलाय. टेम्प्लेटची रिपो प्रोजेक्टला रिमोट म्हणून जोडून मर्ज केलं तर गिट म्हणतं ‘अनरिलेटेड हिस्टरीज’. ‘--अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज’ दिलं, तर जिथे फरक आहे त्या प्रत्येक फाइलला कॉन्फ्लिक्ट. हाताने कॉपी-पेस्ट करत बसायचं का आता?

गिट्टीखदानकर:
नाही भाऊ. ते बटण फक्त फाइली उचलतं, इतिहास नाही. दोघांचा सामाईक पूर्वज नसला की कोणती ओळ कोणी बदलली हे गिटला कळणार कसं? तो पूर्वज एकदाच जोडून द्या.

आधी प्रोजेक्टचा जन्म टेम्प्लेटच्या कोणत्या कमिटवर झाला ते शोधा. ‘गिट रेव्ह-लिस्ट --मॅक्स-पेरेंट्स=०’ ने प्रोजेक्टचा पहिला कमिट मिळेल. त्याचा ट्री हॅश (त्या कमिटमधल्या सगळ्या फाइलींचा ठसा) टेम्प्लेटच्या लॉगमध्ये (फॉरमॅटमध्ये ‘%टी’) जुळवून बघा, सहसा तंतोतंत सापडतो. मग प्रोजेक्टच्या ब्रांचवर राहून टेम्प्लेटचा तोच कमिट ‘गिट मर्ज -एस अवर्स --अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज’ने मर्ज करा. तुमची एकही फाइल बदलत नाही, फक्त नातं नोंदवलं जातं. यापुढे टेम्प्लेटची मुख्य ब्रांच नेहमीसारखी मर्ज करा, खरे कॉन्फ्लिक्ट तेवढेच उरतील.

दोन ठिकाणी घोळ होतो. जन्म-कमिटऐवजी टेम्प्लेटच्या ताज्या कमिटवर ‘-एस अवर्स’ मारलं, तर मधले सगळे बदल ‘आले’ असं गिट धरून चालतं आणि डॉकरफाइल जुनीच राहते, तीही काही न बोलता. आणि ‘-एस अवर्स’ म्हणजे ‘-एक्स अवर्स’ नव्हे. दुसरं फक्त कॉन्फ्लिक्टच्या तुकड्यांत तुमची बाजू घेतं.

धरमपेठ_देव:
वरचं बरोबर, पण पुल रिक्वेस्ट ‘स्क्वॉश’ने (सगळे कमिट एकात दाबून) मर्ज केली की दुसरा पेरेंट, म्हणजे टेम्प्लेटशी जोडलेलं नातं, गळतो आणि पुढच्या वेळी तेच कॉन्फ्लिक्ट परत. या पुल रिक्वेस्टना ‘क्रिएट अ मर्ज कमिट’च. लॉक फाइलचा (पॅकेजांची नेमकी व्हर्जन्स नोंदणारी फाइल) कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवू नका, आपली बाजू घ्या आणि ती फाइल पॅकेज टूलकडून नव्याने बनवा.

सीताबर्डी१२:
नवीन प्रोजेक्ट काढायचे असतील तर कॉपियर बघा जी, टेम्प्लेटवरून प्रोजेक्ट काढणारं आणि नंतर अपडेट करणारं टूल. प्रोजेक्टचं नाव, डेटाबेस ही उत्तरं ‘.कॉपियर-आन्सर्स.वायएमएल’मध्ये राहतात, त्यामुळे ‘कॉपियर अपडेट’ नाव बदललेल्या फोल्डरांनाही नीट सांभाळतं. साध्या मर्जला तिथेच सगळ्यात जास्त त्रास होतो. टेम्प्लेटला व्हर्जनचे टॅग लावा, अपडेटआधी सगळं कमिट करा आणि ती उत्तरांची फाइल हाताने बदलू नका. टेम्प्लेट कुकीकटर या तसल्याच दुसऱ्या टूलचं असेल तर त्याच्या जोडीला क्रफ्ट: जुने प्रोजेक्ट ‘क्रफ्ट लिंक’ने जोडा, सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) ‘क्रफ्ट चेक’ ठेवा, मागे पडलेला प्रोजेक्ट तिथेच फेल होईल.

तो लॉगिनचा मिडलवेअर मात्र टेम्प्लेटमध्ये नकोच. वेगळं पायथॉन पॅकेज करा, प्रत्येक प्रोजेक्टमधलं त्याचं व्हर्जन गिटहबचा डिपेंडाबॉट वाढवेल.

परसोडीवाला:
ट्री हॅश जुळला. मिडलवेअर आधी बाहेर काढतो, मग मर्ज.