जिरोना–ओलोत सायकलवाट: ज्वालामुखी बघायचेत, पण गाड्यांची वर्दळ नको

मांडवीकाठ (रायबंदर)

नमस्कार मंडळी. रोज सकाळी सायकल फेरीबोटीत घालून चोडणला जाते, बेटावर फिरून उन्हं वर यायच्या आत घरी. त्यापलीकडे गोव्यात सायकल काढायची हिंमत आता होत नाही. रेंट-अ-कारवाले पर्यटक मोबाईलवर रस्ता बघत थेट अंगावर येतात, आणि दोष शेवटी सायकलवाल्याचाच.

पुढच्या वर्षी लेकीकडे बार्सिलोनाला जायचं ठरतंय. ती म्हणते, आई, इथून जवळ जिरोना ते ओलोत अशी जुन्या आगगाडीची वाट आहे, तिच्यावर फक्त सायकली नि चालणारे. शिवाय तो सगळा मुलूख ज्वालामुखींचा, गारोचा नावाचा. तिने एक फोटो पाठवला: गोल विवर, आत हिरवंगार कुरण, आणि मधोमध एक छोटं चॅपल. तेव्हापासून डोक्यातून ते जात नाही.

आमचे हे सोबत असतील. सायकल चालवतात, पण गुडघा कुरकुरतो. खरंच गाड्या नसतात का? कुठल्या टोकाकडून निघावं? सायकलवरून ज्वालामुखी दिसतात का? आणि कधी जावं? कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

खाणमाती (फोंडा)

ताई, मी जाऊन आलोय. नोकरी डिचोली-साखळी पट्ट्यात, खाणीवर सर्व्हेअर म्हणून गेली, त्यामुळे सायकलवर बसलो तरी नजर दगडावरच असते. तेवढं सांभाळून वाचा.

आधी गाड्यांचं. ओलोत ते जिरोना साधारण ५५ किलोमीटर, बहुतेक सगळं जुन्या रुळांच्या जागेवरून. पाऊण मीटर गेजची छोटी गाडी होती. इंग्रज कंपनीचं काम, ओलोतपर्यंत पोचायला १९११ उजाडलं आणि १९६९ मध्ये बंद पडली. (आपली मुरगाव–कॅसलरॉक लाईनसुद्धा इंग्रज कंपनीनेच घातली, पण आपल्याकडे अजून मालगाड्या धडधडतात.) गाव लागलं की थोडं साध्या रस्त्यावरून जावं लागतं, एखाद्या ठिकाणी मोठा रस्ता ओलांडावा लागतो. मागून ट्रक हॉर्न देतोय असा प्रकार मात्र नाही. वाट बरीचशी दाबलेल्या वाळूमातीची आहे, तेव्हा बारीक टायरची रेसिंग सायकल घेऊ नका.

आता ज्वालामुखींचं. ते सायकलवरून दिसतील ही आशा सोडा. वाट ओलोतमधून निघून लेस प्रेसेसवरून दक्षिणेला उतरते, आणि तुमच्या फोटोतलं विवर, म्हणजे सांता मार्गारिदा, आहे पूर्वेला, सांता पाऊच्या रस्त्याला. म्हणजे गाड्या नसलेली वाट एकीकडे आणि ज्वालामुखी दुसरीकडे. बरेच लोक सकाळी व्हॅनने ओलोतला उतरतात, संध्याकाळी जिरोनात बिअर पितात आणि ज्वालामुखीचा प्रदेश पाहिला म्हणून सांगतात. त्यांनी पाहिलेली असते एक छान नदीकाठची वाट.

म्हणून माझं ऐकाल तर ओलोतला दोन रात्री राहा आणि सायकल त्यानंतरच हातात घ्या. गावातच मोंतसाकोपा नावाचा ज्वालामुखी आहे, भर वस्तीत. संध्याकाळी चालत वर जायचं, विवराच्या काठाने फेरी मारायची, वरून सगळा प्रदेश लक्षात येतो. चाळीसच्या आसपास ज्वालामुखीचे शंकू आहेत त्या भागात, बहुतेक झाडीने झाकलेले, त्यामुळे सांगितल्याशिवाय साधी टेकडीच वाटते.

दुसऱ्या दिवशी चालायचं. फाजेदा द'एन जोर्दा हे बीच झाडांचं रान, मग सांता मार्गारिदा, मग क्रोस्कात, असा साधारण दहा किलोमीटरचा फेरा आहे. खुणा व्यवस्थित. ते रान क्रोस्कातमधून वाहिलेल्या लाव्हावर उगवलंय. जमीन सपाट नाही, लाव्हा थिजताना आलेले उंचवटे तसेच आहेत आणि त्यांच्यामधून पाऊलवाट वळत जाते. बीच एरवी थंड, उंच डोंगरात वाढतो, इथे तो साडेपाचशे मीटरवर आहे, कारण ओलसर हवा. ओलोतमध्ये पाऊस पडला नाही तर कुठेच पडणार नाही अशी तिथली म्हण आहे. वर्षाला हजारेक मिलिमीटर! आपल्या धो-धो पावसाच्या सत्तरी तालुक्यातल्यांनी हसावं.

क्रोस्कातवर मात्र माझे पाय थांबले. सुमारे १६० मीटरचा शंकू, आणि त्याची एक बाजू वरून खालपर्यंत उभी कापलेली. बांधकामासाठी तिथला बारीक, सच्छिद्र काळा खडा वर्षानुवर्षं उपसला गेला. लोकांनी १९७० च्या दशकात आवाज उठवला, १९८२ मध्ये सगळा भाग कायद्याने राखला गेला, तरी ही खाण त्यानंतरही काही वर्षं चालली. बंद झाल्यावर त्यांनी तो काप बुजवला नाही, डागडुजी करून बघायला खुला ठेवला. उद्रेकाचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात, खाली काळे, तोंडाच्या बाजूला लालभडक. ही लाली लोखंडाचीच, आपल्या चिऱ्यात असते तीच. आपल्याकडे ती पावसाने लाखो वर्षांत आणली, तिथे खडे तापलेले असतानाच हवा-वाफेने लोखंड गंजलं. खाणीच्या माणसाने खाणीचं तोंड इतका वेळ, कुठलंही माप न घेता, नुसतं बघत राहावं हे माझ्या बायकोला फार गमतीचं वाटलं.

वय विचाराल तर क्रोस्कातचा उद्रेक अकरा ते तेरा हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे काल-परवाचा. गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात घाटमाथ्यावर आपल्याकडेही ज्वालामुखीचाच दगड आहे, दख्खनचा, पण तो ६.६ कोटी वर्षांचा. त्यात असे शंकू शोधून सापडायचे नाहीत.

सायकलीच्या दिवसाचं थोडक्यात: ओलोत ४४३ मीटरवर, पुढे खिंड ६२० वर, म्हणजे सुरुवातीला पावणेदोनशे मीटर चढ. नंतर जिरोनापर्यंत, म्हणजे ७० मीटरपर्यंत, उतारच. सांत फेलिऊ, लेस प्लानेस, मग आमेर. आमेरला कमानींनी वेढलेला मोठा चौक आहे, जेवायला तिथेच थांबा. दुपारचं जेवण एक ते साडेतीन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद, आणि रात्री साडेआठच्या आत कोणी विचारत नाही. पोटाची सोय बघून निघा. सांता पाऊच्या घेवड्याच्या छोट्या पांढऱ्या बिया ज्वालामुखीच्या मातीत पिकतात म्हणून प्रसिद्ध आहेत. चांगल्या लागतात, पण बहुधा डुकराच्या सॉसेजसोबत येतात. नको असेल तर आधी सांगा.

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. रानाचे रंग बघायचे तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. शनिवार-रविवार टाळा.

पंक्चर (पर्वरी)

काका, सगळं पटलं, पण ओलोतहून खाली हे नाही पटलं. मी जिरोनाहून वर गेलो. आगगाडीचा चढ तो, छोट्या इंजिनाला झेपेल असाच बांधलेला असणार. सकाळी तेर नदीच्या काठाने सपाटी, आंग्लेसनंतर हळूहळू डोंगर जवळ येतात आणि शेवटी ज्वालामुखीच्या गावात पोचायचं. खालून वर जाताना मुलूख बदलतो ते कळतं. वरून खाली आलात की सगळ्यात छान भाग पहिल्या तासात संपला आणि उरला जिरोनाचा शहरी शेवट.

ताई, सायकल इथून न्यायच्या भानगडीत पडू नका. जिरोनात व्यावसायिक सायकलपटू मुक्कामाला असतात, गल्लोगल्ली दुकानं, भाड्याने चांगली मिळते. हेल्मेट आणि घोटभर जास्त पाणी, बास.

खाणमाती

तुझं वय काय रे पंक्चर? सासऱ्याच्या वयाच्या माणसाला साडेपाचशे मीटर चढ सांगतोस. मुलूख बदलताना बघायचा हे मान्य, म्हणूनच त्यांना आधी दोन दिवस वर चालायला सांगितलं. ते डोळ्यांत भरून घेतलं की खाली उतरताना शहर आलं तरी चालतं.

रिटर्न_तिकीट (मडगाव)

मध्ये बोलते त्याबद्दल माफ करा. गुडघ्याचा प्रश्न असेल तर जर्मनीतल्या आयफेलचाही विचार करा. माझा मुलगा तिकडे असतो म्हणून माहीत. दाउन ते बर्नकास्टेल-कुएस, मोझेल नदीपर्यंत, अठ्ठावन्न किलोमीटर, तीसुद्धा जुन्या रेल्वेचीच वाट, पण डांबरी. उंच पूल आहेत, बोगदे आहेत, एक तर अर्ध्या किलोमीटरहून लांब, आत दिवे आहेत. आणि खाणमाती काकांनी जी अडचण सांगितली ती तिथे कमी आहे, कारण ज्वालामुखीची तळी वाटेच्या आजूबाजूलाच आहेत. तापलेला खडकरस भूजलाला भिडून स्फोट झाला की गोल खड्डा पडतो, त्यात पाणी साठतं. शाल्केनमेरेनचं तळं वाटेला लागूनच, पुल्फरमारला जरा आत वळावं लागतं, ते सत्तर मीटरहून खोल आहे. एका तळ्याकाठी चॅपल आहे, भोवतालचं गाव साथीत ओस पडलं, ते तेवढं उरलं.

सायकलींसाठी ट्रेलर लावलेली बस उन्हाळ्यात मोझेलहून परत वर आणते, जागा मात्र आधी राखून ठेवलेली बरी.

मांडवीकाठ

वा, किती माहिती! जर्मनीची कल्पना छान आहे, पण लेक बार्सिलोनाला, तेव्हा गारोचाच. पंक्चरभाऊ, रागावू नका, आम्ही काकांचं ऐकतो. काका, दोनच प्रश्न. ह्यांच्यासाठी इ-बाईक घ्यावी असं माझ्या मनात होतं, पण हे वाचून म्हणाले, चढ थोडाच आहे, मग मला इ-बाईक कशाला? आणि चॅपलपर्यंत मी त्यांना नेऊ शकेन का?

खाणमाती

त्यांना सांगा, इ-बाईक घ्या. पावणेदोनशे मीटर चढ सुरुवातीलाच आहे, रात्री नीट झोप झाली नसेल तर तोही जाणवतो. पुढे बॅटरी बंद करून चालवा, तोंडदेखली हिंमत दाखवायला.

चॅपलचं मात्र नीट ऐका. गुडघ्याची परीक्षा सायकलवर नाही, तिथेच आहे. रस्त्यापासून विवराच्या काठावर चढायचं, मग आत तळाला उतरायचं, आणि परत तेवढंच चढून बाहेर. अंतर थोडं, पण उतार खडा, पावसानंतर निसरडा. दोन काठ्या घ्या. पूर्ण दहा किलोमीटरचा फेरा त्यांना सांगू नका. टॅक्सीने ओलोतहून सांता मार्गारिदाच्या पायथ्याशी जा, विवर बघा, समोर रस्ता ओलांडून क्रोस्कातचा काप बघा, तो जवळजवळ सपाटीवर आहे. रान परत येताना तुकड्याने बघा. ओलोत–सांता पाऊ रस्त्यावर सायकल काढायचा मोह नको, तो गाड्यांचा रस्ता आहे, वळणं अरुंद.

चॅपल जुनं दिसतं पण मूळचं नाही. १४२८ च्या भूकंपात पडलं, आत्ताचं १८६५ चं. बहुतेक वेळ बंद असतं, तेव्हा आत जायचं म्हणून वेळ राखून ठेवू नका. जड बॅगा जिरोनाच्या हॉटेलात टाका, ओलोतला दोन दिवसांचे कपडे पुरेत. भाड्याच्या दुकानाची व्हॅन तुम्हाला ओलोतला कुठे आणि किती वाजता सायकली देणार हे आधी लिहून घ्या, दुपारी फोन उचलत नाहीत.